टर्मिनलवर प्रोग्रेस बार दाखवताना या चुका टाळा

प्रोग्रेस बार, म्हणजे काम किती झालं ते दाखवणारी पट्टी, स्क्रीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो, आउटपुटचा तो भाग नव्हे. हे विसरून बार स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमचा निकाल जिथे जातो तिथे) छापला आणि कोणी ते आउटपुट सीएसव्ही फाईलमध्ये वळवलं, की डेटाच्या मधोमध टक्केवारी येऊन बसते. बार स्टँडर्ड एररवरच, म्हणजे सूचना-त्रुटींच्या वेगळ्या वाटेनेच पाठवा. प्रोग्रेस बार दाखवणारी पायथनची टीक्यूडीएम (tqdm) लायब्ररी मुळातच तसं करते. मात्र क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या सोयीत) स्टँडर्ड एररही लॉग फाईलमध्ये जात असेल, तर लॉग बारच्या तुकड्यांनी भरतो. अशा वेळी टीक्यूडीएमच्या 'डिसेबल' (disable) या पर्यायाला 'नन' (None) द्या. समोर टर्मिनल नसलं की बार आपोआप बंद राहतो.

नुसता आकडा वाढतोय, टक्के दिसतच नाहीत? बहुतेक वेळा 'एन्युमरेट' (यादीतल्या घटकांना क्रमांक देणारं फंक्शन) टीक्यूडीएमच्या आत असतं. त्याला लांबी नसते, त्यामुळे एकूण काम किती ते बारला कळत नाही. यादी टीक्यूडीएममध्ये घाला आणि एन्युमरेट बाहेर ठेवा. जनरेटर (एकेक घटक लागेल तसा देणारा, लांबी आधी न सांगणारा) असेल तर टीक्यूडीएमला एकूण आकडा, म्हणजे 'टोटल', स्वतः द्या.

डाउनलोडमध्ये टक्केवारी अर्ध्यात गायब होते, त्याचं कारण वेगळं. उत्तराच्या 'कंटेंट-लेंग्थ' या हेडरमध्ये सर्व्हर जिझिप केलेल्या (आकसवलेल्या) बाइट्सचा आकडा सांगतो, पण डाउनलोडसाठी वापरली जाणाऱ्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचं 'आयटर कंटेंट' उलगडलेले बाइट्स देतं. मोजणी एकूण आकड्याच्या पुढे गेली की टीक्यूडीएम टक्के दाखवणं सोडून देतं. विनंतीच्या 'ॲक्सेप्ट-एन्कोडिंग' हेडरमध्ये 'आयडेंटिटी', म्हणजे न आकसवलेला डेटा, मागा.

वापरणाऱ्याला सर्वात जास्त छळतो तो 99 टक्क्यांवर अडकलेला बार. शंभर फाईल्सपैकी नव्याण्णव काही केबीच्या आणि शेवटची दोन जीबीची असेल, तर फाईल्स मोजणारा बार खोटंच बोलतो. प्रोग्रॅम लटकला असं समजून माणूस कंट्रोल-सी दाबतो आणि झालेलं कामही वाया जातं. अशा वेळी बाइट्स मोजा.

लूपमध्ये साधं 'प्रिंट' वापरलं की बार तुटून प्रत्येक वेळी नव्या ओळीवर उतरतो. त्याऐवजी 'टीक्यूडीएम डॉट राइट' वापरा. खिडकी अरुंद असली तरी असंच होतं, कारण बार पुन्हा रंगवताना वापरलेलं कॅरेज रिटर्न हे चिन्ह कर्सरला त्याच ओळीच्या सुरुवातीला नेतो, वरच्या ओळीवर नाही.

फाईल्सची नावं मराठीत असतील तर आणखी एक भानगड. 'किंमत' या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, पायथनचं लांबी मोजणारं 'लेन' मात्र पाच सांगतं, कारण ते वेलांटी आणि अनुस्वारही वेगळे मोजतं. त्या हिशेबाने जागा सोडली की बारची उजवी कड प्रत्येक नावागणिक सरकते. बारच्या वर्णनात फक्त फाईलचा क्रमांक ठेवा आणि पूर्ण नाव 'राइट'ने वरच्या ओळीत छापा.