लेकराला घेऊन भीमजयंतीच्या मिरवणुकीत

भीमजयंतीला लहान लेकरू मिरवणुकीत नेऊच नये, हे मला पटत नाही. न्यावं, पण दिवस त्याला झेपेल असा आखून न्यावं. माझी लेक दुसरीत आहे. ती दमून रडायला नको आणि समोर काय चाललंय ते तिला कळायला हवं, या दोन गोष्टी धरून मी सगळं ठरवते. मी छत्रपती संभाजीनगरचं सांगते आहे. बीड, परभणी, नांदेडलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

तेरा तारखेच्या रात्री बाराला अभिवादन आणि फटाके असतात. लहान लेकराला तिथं नेऊ नका. रात्र जागली की चौदा तारीख सगळी किरकिरीत जाते. त्यापेक्षा चौदाला सकाळी सातच्या आसपास भडकल गेटला जा. ऊन चढलेलं नसतं आणि बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी लेकराला स्वतःच्या हातानं फूल वाहता येतं. फूल घरूनच न्या, गर्दीत सुटे पैसे काढत बसायला लागू नये.

मग तिथंच त्याला जरा गेट दाखवा. हे गेट मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधलं. गुलाम म्हणून विकला गेलेला आफ्रिकेतला माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला आणि मोगलांना त्यानं जेरीस आणलं, एवढं सांगितलं की लेकरू आपणहून प्रश्न विचारायला लागतं. तिथून आम्ही नागसेनवनात जातो. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलं, ते आधी दाखवायचं, मग मराठवाडा विद्यापीठाचं गेट. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि गेटवर ते नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या वर्षांत किती घरं जळाली, किती माणसं तुरुंगात गेली, हे मी सांगितलं असतं तर लेकीनं अर्धवट ऐकलं असतं. ते तिच्या आजीनं गेटसमोर उभं राहून सांगितलं, कारण आजी त्या मोर्चांत चालली होती. “आजी, तुला भीती नाही वाटली?” असं तिनं विचारलं, आणि त्या दोघी बराच वेळ तिथंच बोलत राहिल्या. घरात असं म्हातारं माणूस असेल तर सकाळी सोबत घ्याच. संध्याकाळची गर्दी त्यांना सोसत नाही.

अकराच्या आत घरी या. जेवण, आंघोळ आणि झोप. झोप चुकवू नका. एप्रिलमधल्या आपल्याकडच्या दुपारी रस्त्यावर थांबण्यात काही अर्थ नाही.

संध्याकाळी जुना सुती ड्रेस घाला, नवा पांढरा सकाळी मिरवून झालेला असतो. पायात बंद बूट, चप्पल नको. गर्दीत चप्पल निघते आणि लेकरू ती उचलायला वाकतं. निळा गुलाल उधळतात, म्हणून तोंडाला आणि केसांना आधीच खोबरेल लावा, नंतर रंग लवकर सुटतो. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरून घ्या. चमचा चहाचा. तहान लागण्याची वाट न बघता घोट घोट देत राहा.

जागा निवडणं हे सगळ्यात महत्त्वाचं. क्रांती चौक, पैठण गेट, गुलमंडी हा भाग गच्च भरतो. ऐन चौकात उभं राहू नका. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी, दुकानाच्या पायरीवर किंवा ओट्यावर थांबा, म्हणजे लेकराला वरून दिसतं आणि रेटा आला तर मागं सरकायला वाट असते. उजेड असतानाच जागा धरा. लेझीम, ढोल, पांढऱ्या साड्यांतल्या बायांची वंदना, समता सैनिक दलाची शिस्तीतली रांग, लेकरानं बघायचं ते हे. लेझीमच्या पोरी एकदम खाली वाकतात, चकत्या छन्न वाजतात आणि सगळ्या एकाच ठेक्यावर वर येतात, तेव्हा माझी लेक ओट्यावर जागच्या जागी वाकते.

डीजेच्या गाड्या जवळ आल्या की मी निघते. त्या आवाजानं लेकराच्या कानाला कायमची इजा होऊ शकते. कापसाच्या बोळ्यानं भागत नाही. आवाज अडवणारे कानावरचे मफ मिळतात, ते घ्या, आणि तरीही स्पीकरपासून लांब राहा. लेझरच्या झोताकडे त्याला बघू देऊ नका, डोळ्याचा पडदा भाजतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकाजवळ उभं करू नका. कुणी ओळखीचं “द्या वर बसवतो” म्हणालं तरी नाही म्हणा, वर विजेच्या तारा असतात.

हरवण्याचं आधीच बोलून ठेवा. निघताना त्याच कपड्यांतला फोटो काढा. तुमचा नंबर त्याला पाठ हवा, शिवाय खिशात चिठ्ठी. नाव कपड्यावर बाहेरून लिहू नका. मी लेकीला सांगितलंय: मी दिसले नाही तर धावायचं नाही, पाणी वाटणाऱ्या स्टॉलवरच्या बाईला किंवा वर्दीतल्या पोलिसांना सांगायचं. तुमच्याकडे ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर असू द्या. गर्दीत फोन लागत नाही, म्हणून भेटायची जागाही ठरलेली हवी.

अन्नदानाचं जरूर खा. गरम खिचडी, बुंदी समोर वाढली जात असेल तर बिनधास्त द्या. चिरून उघडी ठेवलेली फळं आणि बर्फाचं सरबत तेवढं टाळा.

गाडी मिरवणुकीच्या रस्त्यापासून लांब, ओळखीच्या घरी लावा. वळवलेल्या वाहतुकीत रिक्षा मिळत नाही. घरी आल्यावर अंगावर लगेच पाणी ओतू नका. गुलाल आधी कोरडा झटका, मग तेलाचा हात फिरवा आणि त्यानंतर साबण लावा.