खाऱ्या पाण्याच्या टाकीतील तारामाशाला खाणे कसे घालावे

टाकीतील तारामासा उपासमारीने मरतो तेव्हा तो एकाएकी मरत नाही; महिनोन्महिने खंगत जातो आणि बाहेरून धडधाकट दिसत असल्याने पाळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून खाणे घालण्याआधी आपला तारामासा कोणत्या जातीचा आहे, हे पक्के ठाऊक असावे. पाठीवर गडद तपकिरी गाठी असलेला ‘चॉकलेट चिप’ मांसाहारी असून समोर ठेवलेला तुकडा सहसा खातो. नवशिक्याने हाच पाळावा, मात्र प्रवाळ असलेल्या टाकीत त्याला सोडू नये, कारण तो प्रवाळही फस्त करतो. वाळूत शिरून राहणारा तारामासा वाळूतील बारीक जीव वेचून खातो आणि लहान टाकीतले ते जीव लवकरच संपतात. निळा लिंकिया हा तारामासा मुख्यतः खडकावरचा सूक्ष्म थर खातो. मोठी आणि जुनी टाकी नसेल तर तो घेऊच नये, असे माझे मत आहे.

मांसाहारी तारामाशाच्या खाण्याची कोकणात ददात नाही. बाजारातली ताजी कोळंबी, माकूल किंवा तिसऱ्यांचे मांस कच्चेच, मीठ-हळद न लावता वापरावे. कोळंबीचे कवच आणि काळा दोरा काढून टाकावा. बांगडा आणि तारली तेलकट असल्याने पाण्यावर तवंग धरतो, तर खारवलेली सुकी मासळी पूर्णपणे वर्ज्य समजावी. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते आणि बाजारात ताजी मासळी कमी येते, त्यामुळे मे महिन्यातच एका वेळेपुरत्या लहान पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. वापरण्याआधी पुडी पूर्ण वितळू द्यावी आणि सुटलेले पाणी टाकीत न ओतता फेकून द्यावे.

आठवड्यातून दोन-तीन वेळा खाणे पुरते. साधारण वाटाण्याएवढा तुकडा लांब प्लास्टिकच्या चिमट्यात धरून तारामाशाच्या एखाद्या भुजेच्या टोकाजवळ, त्याच्या वाटेत ठेवावा. त्याचे तोंड खालच्या बाजूला असते, तेव्हा तुकडा पाठीवर टाकून काही उपयोग नाही. वास लागला की भुजेखालचे नळीसारखे बारीक पाय तुकड्याकडे वळतात, तारामासा त्यावर सरकतो आणि मधोमध कमानीसारखा उंच होऊन स्थिर बसतो. अशा वेळी तो आपले जठर तोंडावाटे बाहेर काढून अन्न तिथेच पचवत असतो, म्हणून काय चालले आहे हे पाहण्यासाठी त्याला उचलू नये. मासे आणि शंखातले खेकडे फार आगाऊ असतात; तुकडा त्यांनी पळवू नये यासाठी तारामाशावर भोकांची प्लास्टिकची टोपली पालथी घालावी. काही तासांनी उरलेला तुकडा आठवणीने काढावा, नाहीतर तो कुजून पाण्यात अमोनिया वाढतो.

तारामाशाने खाणे सोडले, तर खाद्य बदलण्याआधी पाणी तपासावे. शरीरातील क्षारांचे प्रमाण राखण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नसल्याने क्षारता अचानक बदलली की तो आजारी पडतो. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे, यावरून खारेपणा कळतो) १.०२५ च्या आसपास आणि तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअस असावे. समुद्राचे पाणी आणून वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात खाडीच्या मुखाजवळचे पाणी मुळीच घेऊ नये, कारण नदीच्या गोड्या पाण्यामुळे ते पातळ झालेले असते. नवा तारामासा टाकीत सोडताना टाकीचे पाणी त्याच्या पिशवीत थेंब-थेंब सोडत दोन-तीन तास घालवावेत आणि त्याला हवेत उघडे धरू नये. भुजा मऊ पडणे आणि त्यांवर पांढरट चट्टे येणे ही वाईट लक्षणे होत.

माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषध तारामाशाला मारक ठरते. अशा वेळी आजारी मासा दुसऱ्या टाकीत हलवावा आणि औषध तिथेच द्यावे.