कॉकाटेलला एकटं राहायची सवय कशी लावायची

घरात पाळला जाणारा कॉकाटेल हा मूळचा ऑस्ट्रेलियात थव्याने राहणारा, पोपटाच्या जातीचा पक्षी. आपण खोलीबाहेर गेलो की तो जी किंचाळी फोडतो, तो हट्ट नसतो, ‘कुठे आहेस?’ अशी हाक असते. म्हणून आधी एक ठरावीक शीळ पक्की करा आणि दुसऱ्या खोलीतून तिनेच उत्तर द्या. ओरडल्यावर धावत मात्र येऊ नका, नाहीतर ओरडलं की माणूस हजर, हे तो दोन दिवसांत शिकेल.

मग सराव. सुरुवातीला 10 सेकंद बाहेर, मग अर्धा मिनिट, मग 2 मिनिटं. तो शांत असतानाच परत यायचं. घाबरला तर वेळ पुन्हा कमी करा. बऱ्याच पक्ष्यांना किल्ल्यांचा आवाज आणि खांद्यावरची पिशवी पाहूनच धडकी भरते. त्यामुळे दिवसातून चार वेळा किल्ल्या वाजवा, चप्पल घाला आणि तिथेच बसून राहा!

खरोखर निघताना राळ्याचं कणीस साध्या कागदात सैल गुंडाळून पिंजऱ्यात अडकवा. कागद फाडण्यात त्याचा वेळ मजेत जातो. हा खाऊ एरवी द्यायचा नाही, फक्त निघतानाच. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून हवी. खिडकीत ठेवलात तर कावळे आणि मांजरं त्याला सुखाने बसू देणार नाहीत. निरोपाचे लाड नकोत, गुपचूप निघा.

पिसं उपटायला लागला किंवा खाणं सोडलं, तर सराव थांबवून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा.