हेमचंद्रांच्या आकड्यांची जाळीदार शाल: टाके घालण्याआधीची तयारी

ही शाल सुईवर घेण्याआधी ती कुठे संपणार ते ठरवा. बाकीची सगळी तयारी त्या एका निर्णयावर उभी आहे. नेहमीच्या शालीत लोकर संपत आली की चार ओळी कमी विणून टाके बंद करता येतात. इथे ते जमत नाही, कारण १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ या हेमचंद्रांच्या मालिकेतला तिसऱ्यापासूनचा प्रत्येक पट्टा आधीच्या दोन पट्ट्यांच्या बेरजेएवढा असतो. शेवटचा पट्टा ५५ चा धरला तर एकूण १४३ होतात आणि त्यातली ३८ टक्के लोकर तो एकटा पट्टा खातो. हौसेनं आणखी एक पट्टा वाढवायचा म्हटला तर तो ८९ चा येतो, म्हणजे शाल १४३ वरून थेट २३२ वर जाते. तेव्हा दुकानात रंग बघायला जायच्या आधी वहीत दहा आकडे मांडा आणि शेवटच्या आकड्याभोवती गोल करा. बेरीज पुन्हापुन्हा करत बसायची गरज नाही. शेवटच्या आकड्यापासून दोन घरं पुढचा आकडा घ्यायचा आणि त्यातून एक वजा करायचा. ५५ नंतर ८९, मग १४४. एक वजा केला की १४३. खालचा सगळा हिशोब मी ५५ धरूनच दिला आहे. हिवाळ्यात पहाटे वावरात निघणाऱ्या बाईच्या डोक्यावरून खांद्यावर घ्यायला एवढी शाल पुरते.

आकडे मोजायचे ते ओळींच्या जोड्यांचे. जातानाची सुलट आणि येतानाची उलट मिळून एक जोडी. एकेक ओळ मोजली तर ३, ५, १३ अशा विषम आकड्यांनंतर पुढचा पट्टा उलट बाजूनं सुरू होतो आणि जाळी विणताना डोक्याला ताप होतो. जोडी मोजली की प्रत्येक पट्टा समोरच्याच बाजूनं सुरू होतो.

आता चौकटीची वही, पेन्सिल आणि एक निवांत दुपार. या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण शालीचा जीव इथे आहे. शाळेत लघू-गुरू शिकलो ते आठवा: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. आपल्या विणकामात लघू म्हणजे एक साधा सुलट टाका. गुरू म्हणजे जाळीचा टाका: धागा पुढे आणून सुईवर घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे. तिथे एक भोक पडतं आणि जागा बरोबर दोन टाक्यांची लागते. चार टाक्यांची जागा लघू-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येते ते वहीत लिहून काढा. लललल, ललग, लगल, गलल, गग. पाच. पाच टाक्यांची जागा भरून पाहिली तर आठ तऱ्हा निघतात, सहाची भरली तर तेरा. कारण सरळ आहे. कुठलीही मांडणी शेवटी लघूवर संपते नाहीतर गुरूवर. लघूवर संपली तर मागे एक टाका कमी असलेली मांडणी उरते, गुरूवर संपली तर दोन टाके कमी असलेली. म्हणून दर वेळी मागच्या दोन आकड्यांची बेरीज. छंदांची ही मोजणी विरहांक आणि गोपाळ या जुन्या अभ्यासकांनी केली, आणि ११५० च्या सुमारास गुजरातेत जैन आचार्य हेमचंद्रांनी ती मांडली. सशांच्या जोड्यांचं गणित घालून याच आकड्यांना युरोपात नाव मिळवून देणाऱ्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. मला ही शाल मनापासून आवडते ती यासाठी, की पट्ट्यांची लांबी ज्या आकड्यांनी ठरते तेच आकडे जाळीच्या मांडणीतूनही निघतात.

पट्टे एकाआड एक साधे आणि जाळीचे. साधे पट्टे १, २, ५, १३ आणि ३४ जोड्यांचे. त्यात सगळे लघू. जाळीचे पट्टे १, ३, ८, २१ आणि ५५ चे. पहिल्या जाळीच्या पट्ट्यात एकच जोडी असल्यामुळे तिथे फक्त ललग. तीनच्या पट्ट्यात ललग, मग लगल, मग गलल, म्हणजे भोक दर जोडीला एक घर सरकतं आणि तिरपी रेघ दिसते. आठ आणि एकवीसच्या पट्ट्यांत तीच रेघ पुढे न्यायची, मग लगल करून मागे आणायची, म्हणजे नागमोडी उमटते. ५५ चा पट्टा पूर्ण गग. अशा पाचही तऱ्हा शालीत येतात. हे सगळं वहीत चौकटीला एक टाका धरून काढा, भोकाच्या चौकटीत गोल करा. नुसतं डोक्यात ठेवून चालणार नाही. एकवीसच्या पट्ट्यात कोणी हाक मारली की रेघ पुढे चालली होती की मागे, हे कागदच सांगतो.

वहीतच आणखी एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहा. गगच्या प्रत्येक जोडीत दोन टाके एकाच दिशेला कलते ठेवून एकत्र केले, तर पूर्ण विणकाम एका बाजूला ओढलं जातं आणि शाल तिरकी होते. म्हणून एका जोडीत नेहमीसारखे दोन टाके एकत्र विणायचे. पुढच्या जोडीत एक टाका न विणता सरकवायचा, त्याच्या पुढचा विणायचा आणि सरकवलेला त्याच्यावरून ओढून घ्यायचा. नागमोडीतही रेघ माघारी येताना कल असाच बदलायचा.

टाके ८९ घालायचे. दोन्ही कडांचे चार-चार टाके जाता-येता दोन्ही वेळा सुलट, म्हणजे काठ गुंडाळत नाहीत. मधे ८१ उरतात: चाराचे वीस घर आणि एक साधा टाका. तो साधा टाका गगच्या एका जोडीत सुरुवातीला आणि पुढच्या जोडीत शेवटी घ्यायचा.

लोकर चार पदरी, बारीक, एका रंगाची आणि फिकी घ्या. गडद रंगावर रात्रीच्या उजेडात टाके दिसत नाहीत, आणि आपल्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नसतो. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं. स्वेटरला ते चालतं. जाळीला मात्र खरी लोकरच हवी, कारण ओली करून ताणून वाळवली की तिची भोकं उघडी राहतात. अ‍ॅक्रिलिक पुन्हा मिटून जातं. दुकानदाराला विचारून बोटभर धागा घ्या आणि चिमट्यात धरून जाळून बघा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. आंधळगाव किंवा आरमोरीकडचा कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा मिळत असेल तर त्याचा मोह होईल, पण कोसा लोकरीसारखा ताणत नाही, म्हणून पहिली शाल त्यात नको. सगळ्या गुंड्यांचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, एकच असू द्या.

सुया नंबर ८ च्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. टोकं गुळगुळीत आणि जरा निमुळती हवीत. सोबत नंबर ७ ची, म्हणजे त्याहून जाड, एक सुई घ्या. शेवटी टाके तिच्यानं बंद करायचे, म्हणजे काठ सैल राहतो आणि ताणताना तुटत नाही.

सगळे गुंडे घेण्याआधी एकच घ्या आणि नमुना विणा: २१ टाके, आठ जोड्या साध्या आणि तेरा जोड्या गगच्या. भिजवा, टाचण्या लावून ताणा, वाळू द्या, मग मोजा. नमुन्याची रुंदी सव्वाचारने गुणली की शालीची रुंदी येते, लांबी ६.८ ने गुणली की शालीची लांबी. रुंदी साडेअकरा सेंटिमीटर आणि लांबी साडेएकोणीसच्या आसपास आली तर शाल अंदाजे ४९ बाय १३३ होते, ती मापात. कमी आली तर सुई एक नंबर जाड घ्या. आकड्यांना हात लावू नका. आता तो वाळलेला तुकडा घेऊन सोनाराकडं जा. किराणा दुकानाच्या काट्यावर एवढंसं वजन कळत नाही. ‘भाऊ, एवढा तुकडा तोलून देता का?’ म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही. त्या वजनाला २९ ने गुणा. सात ग्रॅम भरलं तर २०३ ग्रॅम लोकर लागेल. वर दहावा हिस्सा जास्त धरा आणि त्याच आठवड्यात, त्याच लॉटची सगळी घेऊन टाका.

दिवस निवडताना मालिकेची चाल लक्षात ठेवा. सुरुवातीचे सहा पट्टे भराभर होतात, शेवटचे दोन अंगावर येतात. कापसाची वेचणी ऐन भरात असताना ३४ आणि ५५ हातात आले तर शाल पेटीतच राहते. म्हणून श्रावणात टाके घाला. झड लागून वावरात पाय ठेवता येत नाही त्या दिवसांत जाळी पुढे सरकते, पोळ्यापर्यंत एकवीस उरकावा, आणि सोयाबीन कापणीला येण्याआधी, नवरात्रापर्यंत शाल सुईवरून उतरावी. आश्विनातली उघडीप वाळवायलाही चांगली. उन्हाळ्याचा विचारच करू नका, घामेजल्या हातात लोकर चिकटते.

घरात मागच्या हंगामाचा कापूस भाव येईपर्यंत ठेवलेला असेल तर विणकाम त्या खोलीत नको. कापसाचे बारीक तंतू लोकरीच्या जाळीत शिरले की निघत नाहीत आणि शाल अंगाला खाजते. घट्ट झाकणाचा डबा किंवा चेनची कापडी पिशवी ठेवा, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला. वावरातून आल्यावर लुगडं बदलूनच सुया हातात घ्या, कारण पदराला चिकटलेलं कुसळ धागा उसवतं. निंदणानं बोटं खरखरीत होतात, त्यांत बारीक लोकर अडकते. रात्री साखर आणि खोबरेल तेल एकत्र चोळून हात धुवा, आणि सकाळी कोरड्या हातांनी विणा.

शिवणाचा पक्का, वेगळ्या रंगाचा दोरा आणि बोथट सुई जवळ असू द्या. प्रत्येक पट्टा संपला की सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो दोरा ओवून ठेवायचा. पुढे चूक झाली तर तिथपर्यंत उसवता येतं, त्याच्या खाली काही निसटत नाही. मोठ्या पट्ट्यात मधेही दोरा हवा, आणि तो कुठे ते मालिकाच सांगते: ३४ मध्ये तेरा जोड्यांनंतर, म्हणजे पुढे २१ उरतात. ५५ मध्ये एकवीसनंतर, आणि उरलेल्या ३४ मध्ये पुन्हा तेरानंतर.

वाळवायला बाज, तिच्यावर सतरंजी, वर जुनी पांढरी चादर. गंज न चढणाऱ्या टाचण्या भरपूर आणा, काठाला दर तीन बोटांवर एक लागते. रिठ्याच्या कोमट पाण्यात शाल भिजवायची, पिळायची नाही, धोतरात गुंडाळून दाबून पाणी काढायचं आणि सावलीत ताणून ठेवायची.

एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवा: पाच-अष्टमांश. ३४ चा पट्टा संपला की ८८ जोड्या झालेल्या असतात आणि ५५ उरतात. ५५ भागिले ८८ म्हणजे बरोबर पाच-अष्टमांश. त्या दिवशी टाके दोऱ्यावर उतरवून शाल पुन्हा सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि उरलेली लोकरही तोला. शाल १२८ ग्रॅम भरली तर हाताशी निदान ८० ग्रॅम लोकर हवी, आणि टाके बंद करण्यापुरती थोडी जास्त. कमी भरली तर ५५ चा पट्टा सुरू करूच नका. तो अख्खा पट्टा पहिल्या ओळीपासून दुसऱ्या, जरा गडद रंगात घ्या. मधेच रंग बदलला तर गगच्या जाळीत तो जोड लांबून दिसतो.