पूर येणाऱ्या गावात संडास बांधायचा तर खड्डा खणूच नका

पुराचं पाणी खड्ड्यात शिरलं की सगळी घाण वर येते आणि थेट विहिरीत, हापशात जाते, मग जुलाब, कावीळ, टायफॉइड. म्हणून अशा ठिकाणी इकोसॅन म्हणजे कोरडा संडास बरा, यात सगळं जमिनीच्या वर असतं.

आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की आजवर पाणी जास्तीत जास्त कुठवर आलं होतं, त्या खुणेच्या वरच मैल्याच्या टाक्यांचा तळ ठेवायचा, इथे पैसे वाचवू नका प्लीज. शेजारी शेजारी दोन टाक्या, आतून सिमेंटचं पक्कं प्लास्टर, मागे मैला काढायला झाकण, आणि वर जाळी लावलेला व्हेंट पाइप, म्हणजे हवा-वास बाहेर जायची नळी.

भांडं वेगळं असतं, लघवी पुढून पाइपने कॅनमध्ये जाते, मैला मागच्या भोकातून खाली टाकीत. धुवायची जागा बाजूला, ते पाणी टाकीत अजिबात जाऊ द्यायचं नाही, कारण ओलं झालं की वास सुटतो आणि अळ्या पडतात. प्रत्येक वेळी वरून दोन मुठी कोरडी राख टाकायची, राखेने ओल शोषली जाते आणि जंतूही मरतात. पावसाळ्याआधीच राखेचं पिंप भरून ठेवा, ऐन पुरात कोरडी राख कुठून आणणार?

एक टाकी भरली की बंद करून दुसरी वापरायची. बंद टाकी किमान वर्षभर उघडू नका, मग त्याचं खत झाडांना घाला. लघवीत पाचपट-दहापट पाणी मिसळून ती पिकाच्या मुळाशी ओतता येते, पानांवर नको.