मार्चएंडची तयारी फेब्रुवारीत

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फायली घेऊन सीएकडे धावण्यात अर्थ नाही; तोवर वर्ष होऊन गेलेलं असतं. लहान इंजिनिअरिंग कारखान्याच्या मालकाने बसायचं ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि नफा-तोट्याचं पान बाजूला ठेवून आधी गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या पैशांची यादी घेऊन.

टॅलीतून, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, पार्टीवार थकबाकी काढा, बिलाच्या तारखेप्रमाणे. ९० दिवसांच्या पुढच्या रकमा वेगळ्या करा, कारण कॅश क्रेडिटची (सीसी, म्हणजे माल आणि येण्यांवर मिळणारं खेळतं कर्ज) ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलीची मर्यादा, काढताना बँका सहसा ही येणी धरतच नाहीत. म्हणजे माल तुम्ही दिला, त्यावरचा जीएसटीही भरला, आणि बँकेच्या लेखी ते पैसे शून्य. आता हिशेब मांडा. महिन्याची विक्री ९० लाख, म्हणजे दिवसाची ३ लाख. वसुली ९० दिवसांवरून ७५ वर आली की ४५ लाख मोकळे होतात. सीसीचं व्याज १० टक्के धरलं तरी वर्षाला साडेचार लाख वाचले. चहा-बिस्किटं बंद करून एवढे वाचत नाहीत, कामगार मात्र चिडतात. प्रत्येक जुन्या रकमेसमोर ती का अडकली ते लिहा. पुष्कळदा गिऱ्हाइकाची नियत वाईट नसतेच: पीओतला (खरेदीच्या ऑर्डरीतला) आणि बिलातला दर जुळत नाही, रिजेक्शनची डेबिट नोट (नाकारलेल्या मालाच्या वजावटीचा कागद) लोंबकळते, किंवा त्यांच्या स्टोअरने जीआरएनच, म्हणजे माल मिळाल्याची नोंदच, केलेला नसतो. तिथे तगाद्याचे फोन करून काही होत नाही. डिस्पॅचच्या माणसाला कागद घेऊन स्टोअरमध्ये पाठवा.

मग देणी. पुरवठादारांची उद्यम प्रमाणपत्रं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) मागवा आणि त्यातले सूक्ष्म व लघु उत्पादक, सेवा देणारे वेगळे काढा. नुसते व्यापारी यात येत नाहीत. या लोकांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. मुदत उलटली आणि ३१ मार्चपर्यंतही पैसे गेले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जात नाही. १ एप्रिल २०२५पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटींवर गेली आहे, त्यामुळे गेल्या खेपेची यादी पुन्हा तपासा. तुमचं स्वतःचं उद्यम असेल तर हाच नियम गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स खात्याला आठवण करून द्यायला बरा पडतो.

स्टॉक स्वतः उभं राहून मोजा. रॅकच्या मागे पडलेले बंद झालेल्या पार्टचे बार बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला खरेदीच्या भावाने मिरवत असतील, तर ते आताच काढा. ऑडिटरने काढण्यापेक्षा बरं. बर (मशिनवर निघणारा धातूचा कीस) आणि भंगार धातूवार वेगळं ठेवा, स्टेनलेसमध्ये एमएस (साधं पोलाद) मिसळलं की भाव पडलाच.

वीज: महावितरणची बारा बिलं शेजारी शेजारी ठेवून कॉन्ट्रॅक्ट डिमांड (करारात मंजूर असलेला विजेचा भार) आणि नोंदलेली डिमांड (प्रत्यक्षात ओढलेला कमाल भार) पाहा. आणि सुट्टीच्या दिवशी, आमच्या भोसरीत गुरुवारी, सगळी मशिनं बंद असताना फक्त कॉम्प्रेसर चालू करून शॉपमध्ये फेरी मारा. गळत्या हवेचा फुस्स आवाज जिथून येतो तिथून पैसे चाललेत. दोन-चारशे रुपयांच्या फिटिंगसाठी मोटर दिवसभर लोड घेत असते.

आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला. तो आणि मशिनचे हप्ते एकाच आठवड्यात येत नाहीत ना, बघा. मालकाची स्वतःची उचल दरमहा ठरावीक करा. पोरांच्या फिया आणि गावाकडच्या घराचं बांधकाम चालू खात्यातून परस्पर जात असेल, तर कारखान्याचा खरा खर्च कुणालाच कळणार नाही.

शेवटी पुढच्या तेरा आठवड्यांचा एक कागद: डावीकडे येणार ते, उजवीकडे जाणार ते. ७ तारखेचा टीडीएस, १५ची पीएफ-ईएसआय, २०चा जीएसटी, पगार, हप्ते. उजवी बाजू अकाउंटंट भरेल, तारखा त्याला पाठ असतात. डावी तुम्हीच भरा. कुठलं गिऱ्हाईक शुक्रवारचा वायदा करून सोमवारी फोन उचलत नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार?