वस्तीचे फोटो काढताना आणि वस्तीवर लिहिताना

गरीब वस्तीच्या फोटोत दिसणारी भेदरलेली नजर किंवा ओसाडपणा बऱ्याचदा कॅमेऱ्यानेच आणलेला असतो. पत्रकार जेकब रीस यांनी १८८७-८८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोल्यांत रात्री मॅग्नेशियमची पूड पेटवून फोटो काढले. अंधारात असा भडका उडाल्यावर कोणाचाही चेहरा दचकलेलाच येणार. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत छायाचित्रकार थॉमस अ‍ॅनन यांनी १८६८पासून पाडायच्या गल्ल्यांची नोंद केली. तेव्हाच्या लांबलचक एक्सपोजरमध्ये (फोटो उमटायला लागणाऱ्या वेळात) हलणारी माणसं पुसट आली, काही उमटलीच नाहीत. गल्ल्या रिकाम्या नव्हत्या.

म्हणून फ्लॅश बॅगेतच ठेवा. ३५ मिमी लेन्स घ्या, म्हणजे जरा रुंद दृश्य टिपणारी. तिने जवळ जावं लागतं, म्हणजे आधी बोलावं लागतं. दुरून २०० मिमी (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावली की मध्ये वीस फूट अंतर असलेली घरंसुद्धा एकमेकांवर चढल्यासारखी दिसतात, आणि पाहणारा त्यालाच दाटी समजतो. अरुंद गल्लीत खरी अडचण उजेडाची. वर आभाळाची झगझगीत पट्टी, खाली सावली; कॅमेरा किती उजेड घ्यायचा ते आभाळ पाहून ठरवतो आणि माणसं काळीठिक्कर पडतात. आभाळ फ्रेमबाहेर ठेवा, स्पॉट मीटरिंग (एका बिंदूपुरताच उजेड मोजणं) चेहऱ्यावर घ्या. सुरुवातीला लेन्सचं छिद्र एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० चालेल. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तमच.

एकाच वेळी जाऊन भागत नाही. भर दुपारी गेलात तर कामावर गेलेली माणसं दिसणारच नाहीत, आणि मग मजकुरात ‘रिकामटेकडे’ हा शब्द शिरतो. निदान तीन वेळा जा: पहाटे, दुपारी, दिवेलागणीला.

लिहिताना ‘गलिच्छ’, ‘कोंदट’, ‘नरक’ हे शब्द खोडा आणि तिथे माप घाला. ‘अरुंद बोळ’पेक्षा ‘समोरून कोणी आलं तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते’ हे जास्त सांगतं. नळावर हंडे किती, पाणी किती वेळ, खोली कोणाच्या नावावर, भाडं कोणाला जातं, हे विचारा. शेवटचे दोन प्रश्न बहुतेक लेखांत नसतातच, आणि गळकं छप्पर दुरुस्त का होत नाही याचं उत्तर अनेकदा तिथेच असतं. क्रियापदंही तपासा: माणसं नुसती ‘राहतात, सोसतात’ असतील तर ती शिवतात, विकतात, भांडतात, हप्ते फेडतात हे निसटलंय.

फोटोखाली वेळ, महिना आणि चाललेलं काम लिहा. नाव विचारूनच. घर पाडलं जाण्याची टांगती तलवार असेल तर दारावरचा क्रमांक फ्रेममध्ये नको, आणि फाइलमधली जीपीएसची (फोटो कुठे काढला त्याची) नोंद पाठवण्याआधी काढून टाका.